अब्राहामाचे अतिथी : ईश्वराचे मनुष्यरूप आणि बेने इस्रायलांची श्रद्धा



परमेश्वर मनुष्यरूप धारण करू शकतो काय, या प्रश्नाला यहुदी धर्माने कोणते उत्तर दिले, आणि ते उत्तर आपल्या महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाने, जवळ ग्रंथ नसतानाही, पिढ्यानपिढ्या कसे जतन केले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांना परधर्माचा अभ्यास हा आपल्याच धर्मजिज्ञासेचा भाग वाटत असे, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्या वृत्तीचा आधार धरूनच मी हा विषय निवडला.

विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. परंतु ज्या भाजे गावी आपण जमलो आहोत त्या गावाच्या डोंगराने त्याच्याशी जवळचा असा एक प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच आपल्या परीने सोडविला आहे. वरचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. आत कललेल्या अष्टकोनी खांबांच्या रांगा, छताच्या कमानीला अजून धरून राहिलेल्या लाकडी फासळ्या, आणि या साऱ्या रचनेच्या अखेरीस, जेथे भाविकाची दृष्टी आपोआप जाऊन स्थिरावते तेथे, कोणतीही मानवी आकृती न कोरलेला एक साधा स्तूप. त्या काळच्या शिल्पींना मानवी देह कोरता येत नव्हता असे मुळीच नाही, कारण याच समूहातील एका विहारात रथारूढ सूर्य आणि गजारूढ इंद्र म्हणून सामान्यतः ओळखली जाणारी शिल्पे मोठ्या सफाईने कोरलेली आहेत. जे हात ती शिल्पे घडवू शकले त्यांनी शास्त्याचा, म्हणजे बुद्धाचा, देह मात्र कोरला नाही. पुढील शतकांत पलीकडच्या कार्ल्याच्या लेण्यात बुद्धमूर्ती आल्या. त्याच लेण्याच्या दाराशी आज एकवीरा आईचे देऊळ उभे आहे. आणि भाजे व कार्ले या दोहोंमधून वाहणारी इंद्रायणी खाली देहू-आळंदीला जाते, जेथे निर्गुणाने भक्तासाठी सगुण व्हावे यातच संतांनी परमानंद मानला. बुद्ध हा ईश्वर नव्हे, म्हणून स्तूपाचा दाखला मी फार ताणणार नाही. परंतु परमपूज्य वस्तूला मानवी चेहरा द्यावा की न द्यावा, या प्रश्नाची इतकी भिन्न उत्तरे एका खोऱ्यात शेजारी शेजारी नांदतात, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचे ऐकावे, एवढीच विनंती आहे. यहुदी उत्तर यांपैकी एकाही उत्तराशी पूर्णपणे जुळत नाही.

बोरघाट उतरून पेण-अलिबागच्या दिशेने गेले, की बेने इस्रायलांचा मुलूख लागतो. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व त्यांचीच पुढे ही प्रजा झाली, अशी त्या समाजाची परंपरा आहे. हे गलबत कोणत्या शतकात फुटले याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही, आणि आजच्या विषयाला त्याचा निवाडा आवश्यकही नाही. एवढे निश्चित, की ही माणसे कोकणातील गावोगावी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांत ‘शनवार तेली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. केहिमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी घेतली आणि त्यांची घरची भाषा मराठी झाली. हिब्रू भाषा ते विसरले, तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्या त्यांच्यापाशी उरल्या नाहीत. पुढे दावीद राहाबी नावाच्या कोणा यहुदी पुरुषाने त्यांना ओळखले तेव्हा ओळखीच्या खुणा कोणत्या होत्या? शब्बाथचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेला मासा न खाणे, आणि ‘शमा’, म्हणजे परमेश्वर एकच आहे असे इस्रायलाला बजावणारे ते एक वचन. या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार हाईम शमुवेल केहिमकर यांचा ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जन्म, विवाह, नवस, मृत्यू असा कोणताही प्रसंग असो, इतर सर्व प्रार्थनांची जागा हे एकच वचन भरून काढी.

या गोष्टीवर थोडे थांबले पाहिजे. ज्या समाजाचे सारे शेजारी रामनवमीला रामजन्म व गोकुळअष्टमीला कृष्णजन्म साजरा करीत, ज्याच्या कानांवर गावच्या देवळातील कीर्तनातून दशावताराच्या कथा येत, ज्याने लग्नातील हळद, मंगळसूत्र, पुरणपोळी असे कितीतरी आचार मोकळ्या मनाने स्वीकारले, त्या समाजाने अवतारकल्पना मात्र स्वीकारली नाही. तिला विरोध करणारा एकही पंडित त्याच्यापाशी नव्हता. ग्रंथावाचून, गुरूवाचून, केवळ एका वाक्याच्या पुनरुच्चारावर एवढी मोठी गोष्ट तगून राहिली. अन्य काहीही विसरले तरी चालेल पण हे विसरता कामा नये, असा त्या समाजाचा सामुदायिक निर्णयच जणू झालेला होता, असे मला वाटते.

आता शास्त्राकडे वळू. यहुदी शास्त्र या बाबतीत एकसुरी आहे असा जो समज आहे, तो त्या शास्त्राचे वाचन न केल्यामुळे झालेला आहे. पवित्र ग्रंथात देवाचा हात आहे, डोळा आहे, क्रोध आहे, पश्चात्तापसुद्धा आहे. याकोब रात्रभर कोणा पुरुषाशी झुंजतो आणि पहाटे म्हणतो, की आपण देवाला समोरासमोर पाहिले. सीनाय पर्वतावर इस्रायलाचे वडीलधारे देवाला पाहतात, आणि त्याच्या पायांखाली नीलमण्यांची फरसबंदी असल्याचे वर्णन येते. यहेज्केल संदेष्ट्याला दिव्य रथावरील आसनावर मनुष्याच्या रूपासारखे काही दिसते. परंतु त्याच ग्रंथात मोशेला सांगितले जाते, की माझे मुख पाहून कोणी मनुष्य जिवंत राहणार नाही. आणि अनुवादाच्या पुस्तकात तो लोकांना बजावतो, की होरेबाच्या अग्नीतून तुम्ही वाणी ऐकली, आकृती पाहिली नाही, म्हणून कसलीही आकृती करू नका. देव मनुष्य नव्हे, असे बिलामाच्या तोंडचे वचनही त्याच ग्रंथात आहे. अशा दोन्ही बाजूंच्या मजकुरातून जो धर्म वाढला त्याला हा वाद टाळणे शक्यच नव्हते.

या साऱ्या मजकुरात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील अब्राहामाची कथा. मम्रे येथील वृक्षांपाशी, ऐन दुपारच्या उन्हात, अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला आहे. परमेश्वर त्याला दर्शन देतो, असे पहिले वाक्य सांगते. आणि लगेच दुसरे वाक्य सांगते, की त्याने डोळे वर करून पाहिले तो तीन पुरुष समोर उभे. तो धावत जातो, पाय धुण्यास पाणी देतो, भाकरी, लोणी, दूध व वासराचे मांस वाढतो. हे तीन पुरुष कोण? ख्रिस्ती आचार्यांपैकी कित्येकांनी येथे त्रैक्याची छाया पाहिली, म्हणजे देवच पुरुषरूपाने आला असे मानले. आपल्याकडचा कोणी हरिदास ही कथा सांगू लागला, तर तोही सहजपणे याच वळणावर जाईल. कारण अतिथीला देव मानण्याची आज्ञा आपल्या रक्तात आहे, आणि ब्राह्मणाच्या वा भिकाऱ्याच्या वेषात दाराशी आलेला भगवंत आपल्या कथांतून शेकडो वेळा भेटतो.

तालमूदच्या ऋषितुल्य आचार्यांनी कथेचा अर्थ वेगळ्या दिशेने लावला. तीन पुरुष हे तीन दूत होते. एक साराला पुत्रजन्माची वार्ता देण्यास, एक अब्राहामाला बरे करण्यास आणि एक सदोमाचा नाश करण्यास आलेला. कारण एका दुतावर एकच कामगिरी सोपविली जाते. परमेश्वर त्या तिघांत नव्हता. तो त्यांच्या आधीच आलेला होता. कशासाठी? तर अब्राहामाची नुकतीच सुंता झाली होती, तो वेदनेत होता, आणि परमेश्वर त्याच्या समाचाराला आला होता. आणि मग आचार्य असे काही म्हणतात, की ज्याने वाचक चकित व्हावा: अब्राहामाने वाटसरूंना पाहिले तेव्हा त्याने प्रत्यक्ष परमेश्वराला थांबण्याची विनंती केली आणि तो पाहुण्यांकडे धावला, म्हणून, ते शिकवितात, अतिथीचे स्वागत हे ईश्वरी सान्निध्याच्या स्वागताहूनही श्रेष्ठ होय.

या दोन वाचनांतील भेद नीट पाहावा. एका वाचनात पाहुण्याला मान मिळतो, कारण तो गुप्त रूपाने देव असू शकेल. दुसऱ्या वाचनात पाहुणा देव नाही, तो धुळीने माखलेला, भुकेला, निव्वळ मनुष्य आहे (दूत होता हे अब्राहामाला कोठे ठाऊक होते?), आणि तरीही त्याच्यासाठी देव थांबतो. मनुष्याचे मोल वाढविण्यासाठी देवाला मनुष्य व्हावे लागत नाही. मनुष्य हा देवाच्या प्रतिमेनुसार घडविलेला आहे, एवढे पुरे होते. यहुदी उत्तराचा गाभा मला या ठिकाणी दिसतो. नुसत्या नकारात तो सापडत नाही.

तत्त्वज्ञांनी मात्र नकाराचीच बाजू अधिक कसोशीने मांडली, आणि त्यांचे अग्रणी मोशे बेन मैमून, ज्यांना युरोपीय ग्रंथ मैमोनिदीस म्हणतात. बाराव्या शतकात, मिसर देशात, त्यांनी श्रद्धेची तेरा तत्त्वे घालून दिली. त्यांतील तिसरे असे, की परमेश्वर देह नव्हे आणि देहाचे कोणतेही धर्म त्याला लागत नाहीत. या तत्त्वांवर रचलेले ‘यिगदाल’ हे स्तोत्र आज जगभरच्या सिनेगॉगांतून गायिले जाते. अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत लिहिलेल्या ‘मोरे नेबुखीम’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी देवाचा हात, देवाचे मुख, देवाचे उतरणे, बसणे, पाहणे अशा एकेका शब्दाचा खुलासा केला. तोरा माणसांच्या भाषेत बोलते, या जुन्या वचनाला त्यांनी आपल्या पद्धतीचा पाया बनविले. आणि ‘शकतो काय’ या आपल्या प्रश्नालाही त्यांनी सरळ हात घातला आहे. ईश्वर सर्वसमर्थ आहे, तर तो देह का धारण करू शकणार नाही? त्यांचे उत्तर असे, की जे स्वभावतःच अशक्य आहे ते न घडविणे हे सामर्थ्याचे न्यूनत्व नव्हे. ईश्वर आपल्यासारखा दुसरा ईश्वर निर्माण करीत नाही, आपला नाश करीत नाही, आणि देह होत नाही. कारण अमर्यादाने मर्यादित होणे या शब्दांना अर्थच उरत नाही. त्यांच्या आधी दहाव्या शतकात बगदादच्या प्रदेशात सादिया गाओन यांनी वेगळी तोड काढली होती: संदेष्ट्यांना जे दिसले ते ईश्वराने निर्माण केलेले तेज होते, स्वतः ईश्वर नव्हे. तोड हुशारीची आहे. परंतु बेन मैमून यांच्या उत्तरात जो निर्धार आहे तो तीत नाही.

हा निर्धार इतक्या टोकास गेला, की आपल्या धर्मसंहितेत बेन मैमून यांनी लिहून ठेवले: परमेश्वर एकच आहे, परंतु त्याला देह व आकृती आहे, असे जो म्हणतो तो पाखंडी होय. या वाक्यावर प्रोव्हान्स प्रांतातील अब्राहाम बेन दावीद या तितक्याच अधिकारी आचार्यांनी जी टीप दिली ती यहुदी वाङ्मयात प्रसिद्ध आहे. देवाला देह नाही, हे त्यांनाही मान्य होते. त्यांची तकरार होती ती शिक्षेबद्दल. अशा मनुष्याला पाखंडी का म्हणावे? ग्रंथातील वर्णने आणि प्राचीन आख्याने अक्षरशः वाचून, याच्याहून थोर व चांगली माणसेसुद्धा तसे मानीत आली आहेत, असा त्यांच्या टीपेचा आशय आहे. देवाच्या अवयवांची मापे सांगणारे ‘शिऊर कोमा’ नावाचे गूढ वाङ्मय यहुद्यांतच निर्माण झाले होते, ही गोष्ट त्यांना अर्थातच ठाऊक होती.

आता येथे मला कोकण आठवते. आयुष्याच्या अखेरीस ल्युनेल येथील पंडितांना लिहिलेल्या एका पत्रात बेन मैमून हिंदुस्थानातील यहुद्यांचा उल्लेख करतात, आणि त्यांना तोरा ठाऊक नाही, धर्मापैकी शब्बाथ पाळणे व आठव्या दिवशी सुंता करणे एवढेच त्यांच्यापाशी आहे, असे सांगतात. हे वर्णन बेने इस्रायलांचे की दुसऱ्या कोणा हिंदी यहुद्यांचे, याविषयी मतभेद आहे. पण कोकणच्या परंपरेशी ते किती तंतोतंत जुळते ते आपण पाहिलेच. हिंदुस्थान हे नाव त्यांच्या आयुष्यात आणखी एका कारणाने खोल रुतलेले होते. त्यांचे धाकटे बंधू दावीद रत्नांचे व्यापारी होते, आणि हिंदुस्थानच्या वाटेवर ते समुद्रात बुडाले. त्या दुःखाने बेन मैमून सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळले होते. ज्या समुद्राने त्यांचा भाऊ नेला त्याच समुद्राच्या या काठावर शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसे राहत होती. त्यांच्यातील एखाद्या तेल्याने ‘शमा’ म्हणताना डोळे मिटले, तेव्हा त्याच्या मनश्चक्षूंपुढे काय उभे राहत असेल? कदाचित एखादा वृद्ध, शुभ्र दाढीचा राजा; कदाचित नुसता प्रकाश. असा राजा पाहणारा तेली बेन मैमून यांच्या संहितेप्रमाणे पाखंडी ठरेल. अब्राहाम बेन दावीद यांच्या टीपेप्रमाणे तो इस्रायलाचा सच्चा पुत्रच राहील. सिद्धान्त बेन मैमून यांचा बरोबर आहे असे मानूनही, मी या बाबतीत निःसंकोचपणे अब्राहाम बेन दावीद यांच्या बाजूचा आहे. कारण धर्माचे रक्षण ज्यांनी प्रत्यक्ष केले त्यांच्या मनातल्या चित्राची झडती घेण्याचा हक्क पंडितांना नाही.

ख्रिस्ती धर्माशी झालेल्या वादांचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण तो पुष्कळदा दुःखाचा व जबरदस्तीचा इतिहास आहे. १२६३ साली बार्सिलोना येथे आरागॉनचा राजा जेम्स याच्यासमोर मोशे बेन नाहमान या यहुदी आचार्यांना वादास उभे करण्यात आले. स्वर्ग-पृथ्वीचा निर्माता एका स्त्रीच्या उदरात वाढला, बालक झाला आणि शत्रूंच्या हातून मेला, ही गोष्ट बुद्धी स्वीकारीत नाही; राजाने ती लहानपणापासून ऐकली म्हणून त्याला ती सवयीची झाली, असे त्यांनी भर दरबारात राजाला सांगितले. वादाअंती राजाने त्यांचा गौरव केला. परंतु पुढे त्यांना देश सोडावा लागला.

आपल्याकडे हाच वाद अधिक सौम्य हवेत झाला आणि त्याचे स्वरूप मोठे विलक्षण होते. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनरी व १८२९ पासून स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन काम करू लागले. बेने इस्रायलांच्या मुलांना त्यांच्या शाळांतून शिक्षण मिळाले. विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. जुना करार मराठीत छापला गेला, आणि ज्यांच्यापाशी एक वाक्य उरले होते त्यांच्या हाती संपूर्ण ग्रंथ आला. हे ऋण मोठे आहे आणि त्या समाजाने ते कधी नाकारले नाही. याच वर्षांत विल्सनसाहेब मोरभट दांडेकर यांच्याशी वाद घालीत होते. दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून अवतारांचे समर्थन केले, आणि विल्सन यांनी त्याचे खंडन केले. म्हणजे एकाच शहरात, एकच पंडित, हिंदूंना सांगत होता की ईश्वराचे राम-कृष्ण होणे खोटे आहे, आणि यहुद्यांना सांगत होता की ईश्वराचे येशू होणे खरे आहे. बेने इस्रायल हे दोन्ही ऐकत होते. त्यांनी ग्रंथ घेतला, व्याकरण घेतले, शाळा घेतली. धर्मांतर करणारे मात्र फारच थोडे निघाले. त्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी स्वधर्मासाठी केला. डेव्हिड ससून यांच्या मुंबईतील शाळेचे मुख्याध्यापक योसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले; १८८० च्या सुमारास कीर्तनासाठी मंडळी उभी राहिली, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडी-आर्यांतून, आपल्या कीर्तनाच्या थाटात गायिली जाऊ लागली. कीर्तनाचे सारे अंग त्यांनी घेतले. परंतु त्या कीर्तनातील नायक कितीही मोठा असो, तो अखेरपर्यंत मनुष्यच राहिला.

त्याच पिढीत, १८६७ साली, मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि ईश्वर अवतार घेत नाही हे त्याने आपल्या तत्त्वांत घातले. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, आणि त्यांचा ‘निर्मीक’ हाही मूर्तीवाचूनचा, मध्यस्थावाचूनचा होता. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, जोतीराव यांना ज्या ठिकाणी मोठ्या मंथनाने पोहोचावे लागले, तेथे कोकणातले तेली आधीपासून उभे होते. आपल्या सुधारणेच्या इतिहासकारांनी या शेजाऱ्यांकडे जवळजवळ पाहिलेच नाही, याची मला खंत वाटते.

पुण्याचा उल्लेख आला आहे तर एका पुस्तकाविषयी बोललेच पाहिजे. वल्हांडणाच्या रात्री यहुदी घरोघर जो ग्रंथ वाचतात त्या ‘हग्गादा’ची, हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर असलेली, एक सचित्र आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात शिळाप्रेसवर छापली गेली, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती निघाली, हा योगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या लुगड्यात आहेत. चित्रे आहेत, माणसे आहेत. देवाचे चित्र नाही. आणि याच ग्रंथात एक स्थळ असे आहे, की जे आजच्या विषयाच्या मुळाशी जाते. मिसरच्या दास्यातून इस्रायलाला कोणी सोडविले, या प्रश्नावर ग्रंथ निक्षून सांगतो, की हे काम कोणा दुताने, कोणा दिव्य प्राण्याने, कोणा मुखत्याराने केले नाही; स्वतः परमेश्वराने, जातीने केले. श्रोतेहो, निराकार ईश्वर म्हणजे दूरचा, उदासीन, सृष्टीची सनद देऊन स्वस्थ बसलेला ईश्वर, असे आपण समजतो; यहुदी परंपरा नेमके याच्या उलट सांगते. तो मिसरात उतरतो, दासांचा आक्रोश ऐकतो, आपल्या प्रजेबरोबर परागंदा होतो; त्याचे सान्निध्य, ज्याला ते ‘शेखिना’ म्हणतात, रुग्णाच्या उशाशी असते. अवतार ज्यासाठी व्हावा असे आपण मानतो ते सारे कार्य तो करतो. मनुष्य मात्र होत नाही.

विसाव्या शतकात मायकेल वायशोग्रोड या यहुदी तत्त्वज्ञाने बेन मैमून यांच्याविरुद्ध एक धीट मत मांडले. ईश्वराला मनुष्यरूप घेणे अशक्यच आहे असे यहुद्याने आधीच ठरवून टाकणे म्हणजे ईश्वराच्या स्वातंत्र्याला हद्द घालणे होय. आपला नकार तर्कावर उभारलेला नसावा, तसे घडल्याची किंवा घडणार असल्याची साक्ष आपल्या ग्रंथात नाही, एवढ्यावर तो उभारावा. आणि ईश्वर देहधारी समाजात, इस्रायलाच्या जिवंत माणसांत, वस्ती करतो हे विसरू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुष्कळ यहुदी पंडितांना तो रुचला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रश्न ‘शकतो काय’ यावरून ‘करतो काय’ यावर येतो, आणि सामान्य श्रद्धावंताचा प्रश्न नेहमी हाच असतो.

या मावळात, पंढरीची वारी करणाऱ्या घरांतून आलेल्या आपल्या मनात एक शंका उठली असेल. ज्याला मुख नाही त्याच्यावर प्रेम कसे करावे? विटेवर उभा असलेला तो सावळा देव डोळ्यांनी पाहिल्यावाचून ज्यांचा जीव तृप्त होत नाही, त्यांची ही शंका अगदी प्रामाणिक आहे, आणि तिला तर्काने उत्तर देणे व्यर्थ आहे. तालमूदमध्ये ती शंका दुसऱ्या शब्दांत आली आहे: जो भस्म करणारा अग्नी आहे, त्या परमेश्वराच्या मागोमाग मनुष्याने चालावे तरी कसे? आचार्य उत्तर देतात: त्याच्या कृतींच्या मागोमाग चालावे. त्याने आदाम व हव्वा यांना वस्त्रे दिली, तुम्ही उघड्याला वस्त्र द्या. त्याने आजारी अब्राहामाचा समाचार घेतला, तुम्ही आजाऱ्याचा घ्या. त्याने शोकाकुल इसहाकाचे सांत्वन केले, तुम्ही करा. त्याने मोशेला मूठमाती दिली, तुम्ही मृताला द्या. मुखाच्या जागी येथे कृती येते, आणि प्रेमाला धरण्यासाठी तीच पुरेशी होते.

तरीही मनुष्यमनाला एखादा ओळखीचा मानवी चेहरा हवाच असतो, आणि तो बेने इस्रायलांनी जेथे शोधला त्यात त्यांची धर्मबुद्धी मला सर्वांत प्रकर्षाने दिसते. एलियाहू हानाबी हा संदेष्टा त्यांच्या घराघरांतला झाला. अग्नीच्या रथातून स्वर्गी जाणाऱ्या एलियाहूचे चित्र त्यांच्या भिंतींवर असते; सुंतेच्या विधीत सर्व यहुद्यांप्रमाणे त्याच्यासाठी आसन मांडले जाते; आणि नवसाच्या वेळी, लग्नाआधी, संकट टळल्यावर ‘मलिदा’ केला जातो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ किंवा साखर, वेलदोडा, सुका मेवा, आणि भोवती फळे. अलिबाग तालुक्यातील खंडाळा गावी (आपल्या घाटावरचे खंडाळा ते निराळे) एका खडकावर रथाच्या चाकांच्या व घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवितात. ‘एलियाहू हानाबीचा टापा’ म्हणून ते स्थान प्रसिद्ध आहे, आणि शबात महिन्याच्या पौर्णिमेस त्याचा उरूस भरतो. भोवतालच्या देशात देव खाली येऊन मनुष्य होत होता. या समाजाने आपल्या कोकणच्या खडकावर खूण जपली ती मनुष्य वर गेल्याची. दिशाच उलटी केली. आणि वर जाऊनही एलियाहू देव झाला नाही. तो परत येतो, गरिबाच्या दाराशी, वाटसरूच्या वेषात, पण मनुष्य म्हणून, निरोप्या म्हणून. शेजाऱ्यांचा नवस, उरूस, प्रसाद असे सारे आचार त्यांनी घेतले, आणि त्यांच्या केंद्रस्थानी जो बसविला त्याला देव होऊ दिले नाही, हे काम कोणा बेन मैमूनने केलेले नाही. मलिद्यासाठी खोबरे खवणाऱ्या बायकांनी आणि घाणा हाकणाऱ्या पुरुषांनी केले आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलात गेली; येथे आज काही हजार माणसेच उरली आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधावयास घेतलेले आणि लोकांनी ‘लाल देऊळ’ म्हणून ओळखलेले ओहेल दावीद सिनेगॉग आहे, रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे सुक्कथ शलोमो आहे, आणि तेथे आजही ‘यिगदाल’ गायिले जाते. जी कुटुंबे गेली, त्यांनी खंडाळ्याच्या खडकाऐवजी हैफा येथील कार्मेल डोंगरावरील एलियाहूच्या गुहेची यात्रा धरली, आणि मलिदाही तिकडे नेला. तेथेही ताटातील प्रत्येक फळ उचलताना जो आशीर्वाद म्हटला जातो तो त्या फळाच्या निर्मात्याला उद्देशून असतो, आणि एलियाहूचे नाव त्यानंतर, प्रेमाने, पाहुण्याचे घ्यावे तसे घेतले जाते.